पराभूत संघाचा शिक्षक : सय्यद अब्दुल रहीम

पावसाळा ओसरून मैदानावरील काळी माती जरा घट्ट होऊ लागली की आपल्या जळगाव-धुळ्याकडील शाळांतून फुटबॉलच्या सामन्यांचे दिवस येतात. जो संघ जिंकतो त्याच्याविषयी फारसे बोलणे होत नाही. मुले आनंदाने ओरडतात, घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. परंतु जो संघ लागोपाठ दोन-तीन सामने हरतो त्याच्याविषयी मात्र मधल्या सुटीत पुष्कळ बोलले जाते. गोलरक्षक आळशी आहे असे कोणी म्हणतो, आघाडीचे खेळाडू स्वार्थी आहेत असे दुसरा म्हणतो, आणि अखेरीस सर्वांचे एका गोष्टीवर एकमत होते. ती ही की, शिकविणारे गुरुजीच बदलले पाहिजेत. मोठ्या शहरांतील नामांकित क्लबांची गोष्टही याहून निराळी नाही. तेथे मधल्या सुटीच्या जागी कार्यकारी मंडळाची सभा असते, इतकाच काय तो भेद.

विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. हरणाऱ्या संघाने आपला शिक्षक बदलावा की त्याजवर विश्वास ठेवून धीर धरावा, याचे उत्तर नुसत्या वादाने मिळणार नाही. म्हणून वाद बाजूस ठेवून एका थोर क्रीडाशिक्षकाचे चरित्र आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. या गृहस्थांच्या हाताखाली भारतीय फुटबॉलने आपले सर्वांत उज्ज्वल दिवस पाहिले, आणि सर्वांत लज्जास्पद पराभवांपैकी एकही त्यांच्याच हाताखाली पाहिला. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू त्यांस आदराने रहीमसाहेब म्हणत.

जळगावाहून दक्षिणेस अजिंठ्याच्या वाटेने निघाले की १९४८ पर्यंत डोंगराच्या पायथ्याशीच निजामाच्या राज्याची हद्द लागत असे. खानदेश मुंबई इलाख्यात आणि अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी मात्र हैदराबाद संस्थानात, अशी त्या काळी स्थिती होती. आपल्या शेजारच्या याच संस्थानाच्या राजधानीत, हैदराबाद शहरी, इ. स. १९०९ च्या ऑगस्ट महिन्याच्या १७ तारखेस रहीमसाहेबांचा जन्म झाला. त्यांचे उच्च शिक्षण तेथील उस्मानिया विद्यापीठात झाले. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात ते खेळत असत. पदवी मिळाल्यावर त्यांनी व्यवसाय पत्करला तो शाळामास्तराचा. काचीगुडा, चादरघाट इत्यादी भागांतील शाळांतून त्यांनी मुलांना शिकविले आणि पुढे व्यायामशिक्षणाची पदविकाही संपादन केली.

ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी. भारताचा हा सर्वश्रेष्ठ फुटबॉलगुरू लष्करातून आला नव्हता की परदेशातून आला नव्हता. तो एका सामान्य शाळेतील शिक्षक होता, आणि शिक्षकाचे जे गुण व जे दोष असतात ते सर्व त्यांजमध्ये होते. विद्यार्थ्याची चूक पुन्हा पुन्हा दाखवून देण्याचा कंटाळा त्यांस नव्हता. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते. ज्याच्या अंगी गुण दिसले त्याच्यासाठी पदरमोड करण्यास ते मागेपुढे पाहत नसत. पण ज्याने कष्ट करण्याचे सोडले त्याला वगळतानाही त्यांचा हात कचरत नसे.

हैदराबादेच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांजकडे आल्यावर त्यांनी जे काम आरंभिले ते बाह्यतः क्षुल्लक वाटावे असे होते. त्यांनी मोठे चषक जिंकण्याच्या गोष्टी केल्या नाहीत. मुलांसाठी लहान-लहान आणि विलक्षण नियमांच्या स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेत खेळाडूने आपल्या सवयीच्या पायाने चेंडू मारावयाचा नाही, दुसऱ्याच पायाने मारावयाचा, असा नियम असे. उजव्या पायाने खेळणारा मुलगा प्रथम अडखळे, हसू होई. परंतु काही आठवड्यांनी त्याचे दोन्ही पाय सारखे चालू लागत. दुसऱ्या एका स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवीत नेण्यास मनाई असे. चेंडू पायाशी येताच तो सोबत्याकडे दिला पाहिजे. आपल्याकडे त्या काळी एकट्याने चार जणांस चुकवून चेंडू पुढे नेणारा खेळाडूच प्रेक्षकांचा लाडका असे. रहीमसाहेबांस ते कौतुक मान्य नव्हते. चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो, तेव्हा धावण्याचे काम चेंडूकडे सोपवावे, हे तत्त्व त्यांनी मुलांच्या अंगी असे खेळातूनच बाणविले.

त्यांच्या शिष्यांपैकी तुलसीदास बलराम याची हकीकत प्रसिद्ध आहे. सिकंदराबादेजवळील अम्मुगुडा येथील गरीब कुटुंबातला हा मुलगा. त्याचा खेळ रहीमसाहेबांच्या दृष्टीस पडला आणि त्यांनी त्यास सरावासाठी बोलाविले. मैदान दूर होते, आणि भाड्याच्या सायकलीपुरतेही पैसे त्याच्याजवळ नव्हते. ते भाडे रहीमसाहेबांनी स्वतः द्यावयाचे कबूल केले. हाच बलराम पुढे दोन ऑलिंपिक स्पर्धांत आणि जकार्त्याच्या विजयी संघात खेळला. भारताच्या सर्वोत्तम आघाडीवीरांत आजही त्याची गणना होते.

१९५० च्या सुमारास हैदराबाद सिटी पोलिस या संघाची जबाबदारी रहीमसाहेबांनी घेतली. या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारा रोव्हर्स चषक १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे जिंकला. कलकत्त्याचे बलाढ्य क्लब मैदानात असताना दक्षिणेकडील पोलिसांच्या एका संघाने असा पराक्रम करावा याचे सर्वांस आश्चर्य वाटले. १९५६ आणि १९५७ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष चषकही हैदराबादने पटकाविला.

राष्ट्रीय संघाचे काम त्यांजकडे आले ते १९५१ साली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारताने इंडोनेशियास आणि अफगाणिस्तानास प्रत्येकी तीन-शून्य असे हरविले, आणि अंतिम सामन्यात साहू मेवालाल याच्या एकमेव गोलाने इराणवर विजय मिळविला. शैलेन मन्ना हा त्या संघाचा कर्णधार होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. नव्या स्वतंत्र देशाला सुवर्णपदक मिळाले, जिकडे तिकडे आनंद झाला, आणि ज्या गोष्टी विजयाच्या आनंदात झाकल्या जातात त्या येथेही झाकल्या गेल्या.

पुढच्याच वर्षी, १९५२ च्या जुलै महिन्यात, त्या उघड्या पडल्या. फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिंपिक स्पर्धा होत्या. भारताची गाठ पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियाशी पडली. उत्तरेकडील थंड हवा, ओलसर मैदान, समोर धिप्पाड आणि कसलेला प्रतिपक्ष, आणि आपल्या बाजूस बहुतेक अनवाणी खेळाडू! मातृभूमीच्या कोरड्या, उबदार मैदानावर जो उघडा पाय चेंडूस गोंजारीत असे तोच तेथे निसरड्या गवतावर ठरेना. शिवाय आपल्याकडे त्या काळी सामने नव्वद मिनिटांपेक्षा कमी वेळाचे खेळले जात. पूर्ण वेळ धावण्याचा सराव खेळाडूंस नव्हता. सामना संपला तेव्हा युगोस्लाव्हियाचे दहा गोल झाले होते आणि भारताचा एक. तो एक गोल अहमद खान याने केला.

मित्रहो, दहा विरुद्ध एक! आपल्या शाळेचा संघ असा हरला असता तर आपण काय म्हटले असते? जे आपण म्हटले असते तेच सबंध देशाच्या मनात आले असल्यास त्यात नवल नाही. एक वर्षापूर्वी ज्या शिक्षकाची वाहवा झाली त्याच्याकडे पाहून, याला काय येते, असे विचारण्याचा मोह कोणासही होईल. येथे आपण क्षणभर थांबून या प्रश्नाचा निवाडा न्यायबुद्धीने केला पाहिजे.

पहिली गोष्ट प्रतिपक्षाची. ज्या युगोस्लाव्हियाने आपणांस दहा गोलांनी लोळविले, त्याच संघाने त्याच स्पर्धेत सोव्हिएत रशियाशी पाच-पाच अशी बरोबरी केली, फेरसामन्यात त्यास हरविले, आणि अखेरीस रौप्यपदक मिळविले. म्हणजे आपण जगातील दोन सर्वोत्तम संघांपैकी एकाकडून हरलो होतो. दुसरी गोष्ट परिस्थितीची. अनवाणी खेळण्याची परंपरा रहीमसाहेबांनी निर्माण केली नव्हती, सामन्यांचा अवधीही त्यांनी ठरविला नव्हता. ही त्यांस वारशाने मिळालेली परिस्थिती होती, आणि एका वर्षात कोणताही शिक्षक ती पालटू शकला नसता. परंतु न्यायबुद्धीने पाहावयाचे तर तिसरी गोष्टही सांगितली पाहिजे. संघाची तयारी आणि मांडणी यांची जबाबदारी त्यांचीच होती, आणि ती मांडणी जुनी पडली होती. तेव्हा दोष सर्वस्वी परिस्थितीचा आणि शिक्षकाचा काहीच नाही, असे म्हणणे खरे होणार नाही.

मग त्यांस दूर सारावयास हवे होते काय? या प्रश्नाचे उत्तर त्या पराभवात सापडत नाही. पराभवानंतर त्यांनी काय केले त्यात सापडते.

हेलसिंकीहून परतलेल्या रहीमसाहेबांनी सबबी सांगण्यात वेळ दवडला नाही. त्या स्पर्धेत युगोस्लाव्हियासही अंतिम सामन्यात नमविणारा संघ होता हंगेरीचा. त्याचा मधला आघाडीवीर पुढे उभा न राहता मागे सरकून खेळे, आणि त्याला अडवावयाचे कोणी, या गोंधळात प्रतिपक्षाची फळी फुटे. ही युक्ती रहीमसाहेबांनी उचलली आणि आपल्या खेळाडूंच्या ताकदीस अनुसरून बसविली. पुढे चार बचावाचे, दोन मधले व चार आघाडीचे अशी मांडणीही त्यांनी आपल्या संघांत रुजविली. १९५८ साली ब्राझीलने याच मांडणीने विश्वचषक जिंकल्यावर ती जगभर गाजली. बुटांचा प्रश्न अखिल भारतीय संघटनेने निकालात काढला. यापुढे बूट घालूनच खेळले पाहिजे असा नियम झाला. वर्षानुवर्षे अनवाणी खेळलेल्या मनुष्यास बूट घालून चेंडू ओळखावयास शिकविणे किती कष्टाचे असते, हे ज्याने ते केले त्यासच ठाऊक. शिक्षक म्हणून रहीमसाहेबांची कसोटी येथे लागली.

आणखी एक कठीण काम त्यांनी केले. ज्यांचा काळ संपला होता अशा खेळाडूंच्या जागी त्यांनी तरुणांस घेतले. त्यांत नावाजलेली मंडळीही होती. संघ हरला तर शिक्षक बदलावा असे सुचविणाऱ्यास एवढे सांगावेसे वाटते की, हेलसिंकीनंतर बदल झालाच नाही असे नव्हे. पुष्कळ बदल झाला, आणि त्यातला बराचसा शिक्षकाने स्वतःच घडवून आणला. त्याने आपले खेळाडू बदलले, आपली मांडणी बदलली, आणि सर्वांत अवघड म्हणजे आपले स्वतःचे मत बदलले.

याचे फळ चार वर्षांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे दिसले. १९५६ च्या त्या ऑलिंपिकच्या तोंडावर हंगेरीत क्रांतीचा उठाव झाला आणि तो चिरडला गेला. हंगेरीचा फुटबॉल संघ आला नाही, त्यामुळे भारतास पहिल्या फेरीत चाल मिळाली. पुढच्या फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ होती. मुंबईकर नेव्हिल डिसोझा याने त्या सामन्यात तीन गोल केले, आणि ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. भारत चार-दोन असा जिंकला आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत जाणारा आशियातील पहिला देश बनला.

दैवाची लीला अशी की, उपांत्य सामन्यात समोर उभा राहिला तो पुन्हा युगोस्लाव्हियाच. मध्यंतरापर्यंत दोन्ही बाजूंस गोल नव्हता. उत्तरार्धाच्या आरंभी नेव्हिलने गोल केला आणि काही क्षण भारत पुढे होता. चार वर्षांपूर्वी ज्यांनी आपणांस दहा गोल दिले त्यांच्यापुढे भारत आघाडीवर! ती आघाडी टिकली नाही. सामना चार-एक असा गेला. तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात बल्गेरियानेही तीन-शून्य असा पराभव केला आणि पदक हुकले. तरीही दहा-एक पासून चार-एक पर्यंतचे अंतर हे नुसते आकड्यांचे नाही. चार वर्षांत एका शिक्षकाने आणि त्याच्या शिष्यांनी चाललेली ती वाट आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. रहीमसाहेब हे राष्ट्रीय संघाचे सर्वच स्पर्धांतील शिक्षक नव्हते. त्या दशकात हे काम इतरांकडेही गेले. १९५४ साली मनिला येथील आशियाई स्पर्धेत भारत गटातच बाद झाला, आणि १९५८ साली टोकियोत चौथा आला. माणूस बदलल्याने प्रत्येक वेळी दिवस पालटतात असे या अनुभवावरून दिसत नाही. पण रहीमसाहेब असले म्हणजे विजय ठरलेलाच, असेही नव्हते. १९६० साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये ते होते, आणि तेथे भारतास एकही सामना जिंकता आला नाही. हंगेरीकडून दोन-एक, पेरूकडून तीन-एक असा पराभव झाला. फ्रान्सशी मात्र एक-एक अशी बरोबरी साधली, आणि तो गोल कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी याने केला. आकडे पाहणारा म्हणेल, हा संघ गटात शेवटचा आला. खेळ पाहणारा म्हणेल, आठ वर्षांपूर्वी दहा गोल खाणारा देश आज हंगेरी व फ्रान्स यांना घाम फोडीत आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. शिक्षकाचा निवाडा करणाऱ्याने मात्र कोणता हिशेब वाचावयाचा हे ठरविले पाहिजे.

दोन वर्षांनी, १९६२ साली, इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे चौथ्या आशियाई स्पर्धा भरल्या. रहीमसाहेबांची प्रकृती त्या वेळी ढासळलेली होती. कर्करोगाने त्यांस ग्रासले होते. अशा स्थितीत त्यांनी संघ तयार केला. चुनी गोस्वामी हा कर्णधार होता. बॅनर्जी, बलराम, जर्नैलसिंग, अरुण घोष, पीटर थंगराज अशी कसलेली मंडळी संघात होती. मुंबईच्या टाटा संघातून खेळणारा गोमंतकीय फोर्चुनाटो फ्रँको हाही होता.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास दोन-शून्य असे हरविले. पुन्हा तोच प्रसंग! आरंभीच पराभव, आणि शिक्षक आजारी. परंतु संघ डगमगला नाही. थायलंडवर चार-एक आणि जपानवर दोन-शून्य असे विजय मिळवून भारत उपांत्य फेरीत पोहोचला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावाचा आधारस्तंभ जर्नैलसिंग याच्या डोक्यास मोठी जखम होऊन टाके घालावे लागले. बचावाच्या जागी उभे राहून त्यास डोक्याने चेंडू परतविणे धोक्याचे होते. दुसऱ्या कोणी त्यास विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्यास आघाडीस पाठविले. हा खेळाडू पूर्वी आघाडीस खेळलेला आहे, आणि त्याच्या धिप्पाड देहाची प्रतिपक्षास धास्ती वाटेल, हे त्यांनी हेरले होते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नैलने गोल केला, आणि भारत तीन-दोन असा जिंकला.

अंतिम सामना सप्टेंबरच्या ४ तारखेस पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. मैदानाबाहेरची परिस्थिती तर फारच बिकट होती. यजमान सरकारने इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंस येऊ दिले नव्हते. त्याविरुद्ध भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठविला, म्हणून तेथील लोक भारतावर खवळले होते. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला होता. सुमारे एक लक्ष प्रेक्षकांनी भरलेल्या त्या मैदानात आपल्या खेळाडूंची हुर्यो चालली होती. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंस जवळ बोलावून एकच भेट मागितली, आणि ती सुवर्णपदकाची होती, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत असत. आजाराने उठलेला थंगराज गोलरक्षणास परतला. पहिल्या वीस मिनिटांतच बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांनी एकेक गोल केला. कोरियाने शेवटी एक फेडला, पण तोवर उशीर झाला होता. भारत दोन-एक असा जिंकला. ज्या संघाने आठवड्यापूर्वी आपणांस हरविले त्यालाच हरवून सुवर्णपदक मिळाले.

त्यानंतर रहीमसाहेब फार दिवस जगले नाहीत. १९६३ च्या जून महिन्याच्या ११ तारखेस हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. पुढच्या वर्षी आशियाई चषकात भारत दुसरा आला आणि १९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळाले, हे खरे. परंतु आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास १९६२ नंतर पुन्हा मिळालेले नाही, आणि १९६० नंतर ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानावर आपला पुरुषांचा संघ उतरलेला नाही. या साठ वर्षांत शिक्षक पुष्कळ आले आणि गेले, देशी आले, परदेशी आले. नुसते नाव बदलून काम होत असते तर ते केव्हाच झाले असते. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हेही रोमच्या ऑलिंपिक संघात होते आणि त्यांनी आपले आयुष्य याच खेळास वाहिले. २०२४ साली रहीमसाहेबांच्या चरित्रावर एक हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा अनेक तरुणांनी हे नाव प्रथमच ऐकले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. हे चरित्र वाचून कोणी असे समजू नये की, हरणाऱ्या संघाने आपला शिक्षक कधीही बदलू नये. तसे म्हणणे आंधळ्या भक्तीचे होईल. जो शिक्षक पराभवातून काही शिकत नाही, प्रत्येक वेळी मैदानास, पंचास अथवा पोरांस दोष देतो, ज्याच्या हाताखाली मुले वर्षभराने होती तेथेच राहतात, त्याने आपण होऊन बाजूस व्हावे, आणि तो होत नसेल तर त्यास बाजूस करणे हे मंडळाचे कर्तव्यच आहे. रहीमसाहेबांनी स्वतः आपल्या लाडक्या खेळाडूंविषयी हाच न्याय लावला होता. तो शिक्षकास लागू होऊ नये असे त्यांनीही म्हटले नसते.

परंतु तो निर्णय गोलांच्या फळ्याकडे पाहून घेऊ नये. १९५२ च्या फळ्यावर दहा-एक लिहिलेले होते. ज्याने तेवढेच वाचले असते त्याने एका शाळामास्तरास कायमचे घरी बसविले असते, आणि मेलबर्न व जकार्ता ही दोन नावे आपल्या इतिहासात या अर्थाने कधीच आली नसती. प्रतिपक्ष कसा होता, पायात बूट होते की नव्हते, वेळ किती मिळाला, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे शिक्षक मैदानावर कोणती नवी गोष्ट घेऊन आला, हे सर्व पाहून मग मत द्यावे.

पुढच्या हंगामात पांझरेकाठच्या धुळ्यात किंवा जळगावच्या मैदानावर आपला संघ हरला, आणि मधल्या सुटीत गुरुजी बदलण्याची चर्चा निघाली, तर ती अवश्य करा. चर्चा करण्याचा तुम्हांस हक्क आहे. मात्र त्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी सरावास किती जण आले होते याची मोजणी करा. गुरुजी आले होते की नाही, हेही पाहा. ते आले असतील आणि उजव्या पायाच्या मुलास डाव्या पायाने चेंडू मारावयास सांगत असतील, तर ती चर्चा आणखी एक वर्ष पुढे ढकलण्यास हरकत नाही.